चपटे कृमी, गोगलगाई आणि वसईचं पाणी

१९७२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात पालघर तालुक्याविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता फॅसिओलॉप्सिस बस्की. माणसाच्या आणि डुकराच्या आतड्यात राहणारा, पानासारखा चपटा आणि कधीकधी सात सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा कृमी. मुंबईच्या डॉक्टरांनी १९६६मध्येच त्याच्याबद्दल एक प्राथमिक टिपण लिहिलं होतं. वैतरणेच्या उत्तरेला पालघर तालुका आणि दक्षिणेला वसई तालुका. मधली खाडी सोडली तर दोन्हीकडचा पाऊस, तळी, शेतं आणि गोगलगाई सारख्याच. आता दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत.

बिनकण्याच्या प्राण्यांकडे आपलं लक्ष सहसा दोन वाटांनी जातं, ताटातून किंवा दवाखान्यातून. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवं आणि जवळा वसईच्या बाजारात रोज भेटतात. जंत, नारू, हत्तीरोग यांची ओळख आजारातून होते. या दोन्ही वाटांवर न येणारी प्राणिसृष्टी याहून कितीतरी मोठी आहे, आणि चपटे कृमी त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आहेत. त्यांच्यातले काही रोग देतात हे खरं, पण काही डासांच्या अळ्या खातात आणि काहींनी शरीर पुन्हा कसं घडतं हे विज्ञानाला शिकवलं. या सगळ्यांचा जीव पाण्याशी किंवा ओलीशी बांधलेला आहे. म्हणून त्यांचा आढावा म्हणजे वसईच्या पाण्याचाही आढावा.

चपटं शरीर

प्लॅटिहेल्मिंथिस या संघात वीस हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. या प्राण्यांना फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत, रक्ताभिसरण नाही. प्राणवायू त्वचेतून थेट आत झिरपतो, त्यामुळे कोणतीही पेशी पृष्ठभागापासून फार दूर असून चालत नाही. चपटेपणाचं मूळ इथे आहे. बहुतेकांच्या आतड्याला एकच तोंड असतं. अन्न तिथूनच आत जातं आणि उरलेलं तिथूनच बाहेर पडतं. जास्तीचं पाणी बाहेर टाकायला ज्योतीसारख्या हलणाऱ्या केसलांच्या पेशी असतात. बहुतेक कृमी एकाच वेळी नर आणि मादी असतात.

जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे चार वर्ग दिलेले असत: मोकळे राहणारे, माशांच्या कल्ल्यांना आणि कातडीला चिकटणारे, पर्णकृमी आणि पट्टकृमी. ही मांडणी आता बदलली आहे. मोकळे राहणारे सगळे कृमी एका कुळातले नाहीत असं दिसून आलं, आणि ‘असील’ नावाचा गट १९९९नंतरच्या जनुकीय अभ्यासांमुळे या संघातून बाहेरच काढावा लागला. परजीवी कृमी मोकळ्या राहणाऱ्या पूर्वजांपासून आले, हे मात्र पक्कं झालं. पर्णकृमींनी दुसऱ्याच्या शरीरात घर केलं तेव्हा आतडं आणि स्नायू टिकवले. पट्टकृमींनी आतडंही सोडलं; ते यजमानाचं पचलेलं अन्न कातडीतूनच शोषतात.

बावखलातला मोकळा कृमी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गास, गिरिज, भुईगाव, आगाशी अशा गावांतल्या वाड्यांमध्ये बावखलं असतात. बावखल म्हणजे वाडीत खोदलेला गोड्या पाण्याचा तलाव. केळी, पानवेल, मोगरा आणि भाजी यांना पूर्वी विहिरींचं आणि बावखलांचं पाणी रहाटाने दिलं जाई. काठावरची झाडं, तळाचा पालापाचोळा आणि जलपर्णींची मुळं यांमुळे बावखलात बिनकण्याच्या प्राण्यांची दाट वस्ती होते: गोगलगाई, जळवा, पाणकिडे, चतुरांच्या अळ्या, हायड्रा, सायक्लॉप्स आणि पानांच्या पाठीला चिकटून सरकणारे प्लॅनेरियन कृमी.

प्लॅनेरियनला डोक्यावर दोन काळे डोळे असतात. उजेड कुठून येतो एवढंच त्यांनी कळतं. हा कृमी कापला की प्रत्येक तुकड्यातून पूर्ण प्राणी तयार होतो. अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून, मूळ शरीराच्या २७९व्या भागाएवढा तुकडाही पुन्हा पूर्ण कृमी होऊ शकतो, असा हिशेब मांडला. या पुनर्निर्माणामागे शरीरभर विखुरलेल्या ‘निओब्लास्ट’ नावाच्या मूलपेशी आहेत. २०११मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी किरणोत्साराने सगळ्या मूलपेशी मारलेल्या कृमीत एकच निओब्लास्ट सोडला, आणि त्या एका पेशीतून कृमीचं शरीर पुन्हा उभं राहिलं. मूलपेशींच्या आजच्या संशोधनात हा प्रयोग मैलाचा दगड मानला जातो.

भारतात प्लॅनेरियनवरचं काम बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत चालतं. पुनर्निर्माणाचा दुसरा मोठा नमुना असलेल्या हायड्रावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम झालं. तिथल्या हायड्राची ओळखच जगभर ‘हायड्रा वल्गॅरिस इंड-पुणे’ अशी आहे. महाराष्ट्रातल्या साध्या गोड्या पाण्यातला, उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्राणी जागतिक जीवशास्त्रात पुण्याचं नाव घेऊन गेला. असा प्राणी कोणत्याही स्वच्छ तळ्यात सापडू शकतो, हे वसईच्या विद्यार्थ्यांना सांगायला हवं.

मोकळ्या चपट्या कृमींचा आणखी एक उपयोग आहे. मेसोस्टोमा वंशाचे छोटे कृमी डासांच्या अळ्या मारतात आणि खातात. कॅलिफोर्नियातल्या भातशेतांत ते डासांवर नैसर्गिक वचक ठेवतात, असा अभ्यास १९७९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. डासांसाठी पाण्यात औषध किंवा तेल टाकताना हे कृमी, पाणकिडे आणि चतुरांच्या अळ्या असे डासांचे शत्रूही मरतात. म्हणून बावखलाकडे डासांचं घर म्हणूनच पाहणं अपुरं आहे. जिवंत, झाडांनी वेढलेल्या बावखलात डासांना खाणारेही असतात. ते जिथे जगत नाहीत ती तुंबलेली गटारं आणि राडारोड्यात साचलेली डबकी वेगळी.

गोगलगाईतून जाणारी वाट

परजीवी पर्णकृमींचं आयुष्य अनेक टप्प्यांचं असतं, आणि जवळपास प्रत्येक जातीच्या वाटेवर एक गोगलगाय किंवा शिंपला लागतो. पालघरच्या फॅसिओलॉप्सिस बस्कीचं उदाहरण घेऊ. प्रौढ कृमी आतड्यात रोज हजारो अंडी घालतो. विष्ठेबरोबर ती पाण्यात पडली की काही आठवड्यांत त्यांतून केसल असलेली अळी निघते. तिला चपट्या शंखाची ठरावीक गोगलगाय सापडली नाही तर ती थोड्या वेळात मरते. गोगलगाईच्या शरीरात अळीच्या पिढ्या वाढतात आणि शेपटीवाल्या अळ्या पाण्यात बाहेर पडतात. त्या शिंगाडा, कमळ अशा पाणवनस्पतींवर कवच करून बसतात. शिंगाडा कच्चा, दातांनी सोलून खाल्ला की कृमी पोटात जातो आणि सुमारे तीन महिन्यांत वाढतो. १८४३मध्ये जॉर्ज बस्क यांनी लंडनच्या खलाशांच्या रुग्णालयात मरण पावलेल्या एका भारतीय खलाशाच्या आतड्यात हा कृमी पहिल्यांदा पाहिला. जातीला त्यांचंच नाव आहे.

ही साखळी नीट पाहिली की उपायही दिसतात. शिंगाडे उकडून खाल्ले की साखळी तुटते. विष्ठा आणि डुकरांचं मलमूत्र तळ्यात जाऊ दिलं नाही की ती दुसऱ्या जागी तुटते. शाळांतून दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी मात्र इथे पुरेशी नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५पासून पाळला जातो. त्याचं लक्ष्य मातीतून पसरणारे जंत, आकडीकृमी आणि चाबूककृमी हे गोलकृमी आहेत. पर्णकृमीसाठी प्राझिक्वांटेल हे वेगळं औषध लागतं. ‘जंताचं औषध दिलं’ म्हणून सगळे कृमी गेले, असं होत नाही.

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण दक्षिण कोकणातलं आहे. १९५२मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारा शिस्टोसोमा कृमीचा रोग स्थानिक असल्याचं दाखवलं. आफ्रिका आणि पश्चिम आशियातला मानला जाणारा हा रोग गुहागर तालुक्यातल्या एका गावात सापडणं ही मोठी घटना होती. पुढे फेरिसिया टेन्युइस ही टोपीसारख्या शंखाची, दगडाला चिकटणारी चिमुकली गोगलगाय त्याची वाहक असल्याचं दाखवण्यात आलं. या कृमीची अळी तोंडावाटे आत जात नाही, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची कातडी भेदून शिरते. गिमवीचं नाव तेव्हापासून परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

गोठ्यातही ही साखळी चालते. वसई परिसरात म्हशींचे तबेले आहेत, आणि म्हैस पाणथळ जागी चरते. तिथल्या गवतावर फॅसिओला जायगँटिका या यकृतातल्या पर्णकृमीच्या अळ्या कवच करून बसलेल्या असतात. बाधित जनावर रोडावतं, दूध घटतं, जबड्याखाली पाणी भरून सूज येते. फॅसिओलाची साखळी १८८१ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉइकार्ट यांनी उलगडली. पर्णकृमीचं पूर्ण जीवनचक्र समजण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर गोगलगाय ओळखणं हे पशुवैद्यकाच्या कामाचा भाग झालं. जनावराला औषध देऊन पुन्हा त्याच दलदलीत चरायला सोडलं तर कृमी परत येतो. औषधाबरोबर चराऊ जागा बदलणं, पाण्याची वेगळी टाकी ठेवणं आणि शेण नीट कुजवणं, हे त्याच उपचाराचे भाग आहेत.

नारूचा धडा

बिनकण्याच्या प्राण्यांमुळे येणारा रोग पाण्याच्या व्यवस्थेने कसा संपतो, याचा पुरावा महाराष्ट्राकडे आहे. नारू हा गोलकृमी. त्याची अळी सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी प्राण्यात वाढते. पायविहिरीत उतरून पाणी भरताना रोग्याच्या पायातला कृमी अळ्या सोडी, सायक्लॉप्स त्या गिळी आणि तेच पाणी माणूस पिई. भारतात १९८३-८४च्या सुमारास निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बाधित राज्यांत महाराष्ट्र होता. या रोगावर लस नव्हती आणि कृमी मारणारं औषधही नव्हतं. पाणी कापडाने गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणं, हातपंप बसवणं आणि प्रत्येक रुग्ण शोधणं, ही मुख्य साधनं होती. शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. सायक्लॉप्स अजूनही आपल्या तळ्यांत आहे आणि माशांच्या पिल्लांचं अन्न म्हणून तो हवाही आहे. प्राणी न संपवता रोग संपवता आला, ही या मोहिमेची खरी किंमत.

माशांतले पट्टकृमी आणि खाडीचा हिशेब

परजीवी कृमींच्या नोंदींत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात जी. बी. शिंदे, बी. व्ही. जाधव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मासे, पक्षी आणि जनावरांतल्या पट्टकृमींच्या अनेक जाती वर्णिल्या. वाम माशाच्या आतड्यातल्या सेंगा वंशाच्या जातींना तर औरंगाबाद आणि गोदावरी यांची नावं आहेत. पुढे युरोपीय अभ्यासकांनी या वंशाची फेरतपासणी केली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जाती शंकास्पद ठरल्या; मूळ वर्णनं अपुरी होती आणि तपासायला जुने नमुने मिळत नव्हते. यातून धडा घ्यायचा तो असा की नवीन नाव देण्याइतकंच नमुना जपणं महत्त्वाचं आहे. जीवशास्त्रात संग्रहालयाची बाटली हा पुरावा असतो.

वसई दोन खाड्यांच्या मध्ये आहे, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला उल्हास नदीची वसई खाडी. तिवरांच्या मुळांत आणि खाजणाच्या चिखलात लांबट शंखाच्या असंख्य गोगलगाई असतात. अशा गोगलगाईंत पर्णकृमींच्या अळ्या वाढतात, तिथून खेकडे आणि मासे यांत जातात आणि शेवटी बगळे, कुरव, तुतारी अशा पक्ष्यांत पोचतात. कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियातल्या तीन खाड्यांत २००८मध्ये परजीवींचं वजन मोजलं गेलं. पर्णकृमींच्या पोहणाऱ्या अळ्यांचं वर्षभरातलं उत्पादन तिथल्या पक्ष्यांच्या एकूण वजनाहून अधिक भरलं. गोगलगाईत पर्णकृमींची विविधता भरपूर असेल तर त्या खाडीत पक्षी, मासे आणि खेकडेही पुरेसे आहेत, असं मानलं जातं. कारण एक दुवा तुटला की कृमीचं चक्र थांबतं. हिवाळ्यात भुईगावच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या मागे असा न दिसणारा मोठा कारभार चाललेला असतो.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर समुद्री चपटे कृमी, म्हणजे पॉलिक्लॅड, सापडतात. कागदाएवढं पातळ अंग कडेने लहरवत ते पोहतात. काही झगझगीत रंगाचे असतात आणि तो रंग माशांना विषाची सूचना देतो. स्टायलोकस वंशाचे कृमी कालवाच्या शिंपल्यात शिरून आतलं मांस खातात, म्हणून इंग्रजीत त्यांना कालवांची जळू म्हणतात. कालवं फोडणाऱ्या कोळी बायका खडक आणि भरती-ओहोटी जितकी ओळखतात तितकं क्वचितच कुणी ओळखत असेल. मुंबईत २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरी उपक्रमाने गजबजलेल्या शहराच्या किनाऱ्यावरही समुद्री गोगलगाई, समुद्रफुलं आणि स्पंज यांच्या नोंदी जमवल्या आणि सामान्य लोकांना ओहोटीच्या वेळी खडकांवर नेलं. अर्नाळा, राजोडी, कळंब, रानगाव या किनाऱ्यांवर असं काम करायला फारशी साधनं लागत नाहीत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मोबाइल कॅमेरा आणि उलटलेला दगड पुन्हा जागेवर ठेवण्याची शिस्त एवढं पुरतं.

मातीतले पाहुणे

वसई तालुक्याच्या पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्य आहे. ते २००३मध्ये जाहीर झालं आणि सुमारे ८५ चौरस किलोमीटर पसरलं आहे. पावसाळ्यात अशा ओल्या जंगलांत, कुंड्यांखाली आणि केळीच्या आळ्यांत हातोडीसारख्या डोक्याचे लांब, चिकट कृमी दिसतात. हे जमिनीवरचे चपटे कृमी. त्यांतला बायपेलियम केवेन्स १८७८मध्ये मोझली यांनी लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरातून वर्णिला. मूळचा तो आग्नेय आशियातला, झाडांच्या कुंड्यांतून जगभर गेला. गांडुळं हे त्याचं अन्न. त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असल्याचं २०१४मध्ये सिद्ध झालं, म्हणून तो उघड्या हाताने उचलू नये. फ्रान्समध्ये असे मोठे कृमी अनेक वर्षं बागांतून फिरत होते आणि तज्ज्ञांना पत्ता नव्हता. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नागरिकांनी पाठवलेल्या शंभराहून अधिक नोंदींवरून ते उघड झालं.

आफ्रिकी गोगलगाय हा त्याहून ठळक पाहुणा. विल्यम बेन्सन यांनी १८४७मध्ये मॉरिशसहून ती कोलकात्यात आणली, आणि आता कोकणातल्या वाड्यांतही ती पावसाळ्यात भाजी आणि फुलझाडं खाते. २०२२मध्ये लातूर-बीड भागात गोगलगाईंनी सोयाबीनचं मोठं नुकसान केलं, तेव्हा राज्यभर तिची चर्चा झाली. पॅसिफिक बेटांवर तिच्यावर उपाय म्हणून प्लॅटिडेमस मॅनोक्वारी हा शिकारी चपटा कृमी सोडण्यात आला. त्याने आफ्रिकी गोगलगायीबरोबर बेटांवरच्या दुर्मिळ स्थानिक गोगलगाईही खाल्ल्या. एक परका प्राणी काढायला दुसरा परका प्राणी आणू नये, हा त्यातून मिळालेला महागडा अनुभव. वसईच्या वाडीवाल्याला परवडणारा उपाय साधाच आहे: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्री ठेवायची, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. ही गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसातल्या गोलकृमीचीही वाहक आहे, तेव्हा कच्ची भाजी धुऊनच खावी.

हिशेब कुठे येतो

या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. डॉक्टरांनी कृमी पाहिला, पशुवैद्यकांनी गोगलगाय पाहिली, मत्स्य-अभ्यासकांनी पट्टकृमी पाहिले आणि कोळी, वाडीवाले रोज पाणी पाहत आले. रोगाची आणि विविधतेची खरी मोजणी मात्र पाण्याच्या एकेका साठ्याची असते, एकेका तळ्याची, बावखलाची, खाडीच्या तुकड्याची. पाणी गोडं राहिलं, त्यात मैला गेला नाही आणि काठाची झाडं राहिली, तर प्लॅनेरियन, हायड्रा आणि चतुर टिकतात आणि रोगाची साखळी कमजोर होते. पाणी नासलं की मोकळे, नाजूक प्राणी आधी जातात आणि सहनशील गोगलगाई, डास मागे उरतात.

वसईत पाण्यासाठीचा लढा नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या हरित वसई संरक्षण समितीने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जमिनीखालचं पाणी टँकरने उपसण्याविरुद्ध आणि हरित पट्टा वाचवण्यासाठी आंदोलन केलं. अतिउपशाने विहिरींत खारं पाणी शिरतं, आणि खारेपणा वाढला की गोड्या पाण्यातले कृमी, हायड्रा आणि गोगलगाई तिथे जगत नाहीत. ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत इमारती वाढत आहेत आणि बावखलं बुजत आहेत. बुजलेल्या बावखलाबरोबर त्यात राहणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची संधीही जाते.

तेव्हा वसई-विरारच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी आपापल्या परिसरातलं एक बावखल आणि एक किनारा निवडावा, दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तिथले बिनकण्याचे प्राणी मोजावेत, नमुने लेबल लावून जपावेत आणि यादी ग्रामस्थांसमोर ठेवावी. महानगरपालिकेने बावखलं आपल्या विकास आराखड्यात पाणवठे म्हणून नोंदवावीत आणि त्यांत सांडपाणी जाणार नाही याची जबाबदारी घ्यावी. शिंगाडे उकडून खाणं, भाजी धुणं आणि जनावराला दलदलीतलं गवत न देणं, हे तर प्रत्येक घराला आजपासूनच करता येईल.